वेटिंगरूमच्या वहिनी

आमच्या स्टेशनात गाडी थांबायची ती पाण्यासाठी. म्हणजे माणसांच्या नव्हे, इंजिनाच्या. रूळ टाकले तेव्हा इथं गाव असं नव्हतंच. एक मोठी विहीर होती, तिचं पाणी कधी आटत नव्हतं, आणि वाफेच्या इंजिनाला नेमकी इथवर आल्यावर तहान लागायची. म्हणून उंच टाकी बांधली, टाकीजवळ फलाट केला, फलाटामागे रेल्वेची क्वार्टर्स उठली आणि त्यांच्या आधाराने गाव वसलं. पुढे टेकडीत दगडाची खाण निघाली, तिच्यासाठी एक फाटा काढला आणि आमचं स्टेशन जंक्शन झालं. जंक्शन म्हटल्यावर थाट आलाच. जेवणाची खोली, चहाचा स्टॉल, पार्सल ऑफिस, सामान ठेवायची खोली, पुरुषांची वेटिंगरूम आणि बायकांची वेगळी. मी तिकिटाच्या खिडकीत नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं जोरात होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते एकेक करून मिटलं. पण मला सांगायचंय ते बायकांच्या वेटिंगरूममधल्या वहिनींबद्दल.

वहिनींचा नवरा डबे जोडायच्या कामावर होता. दोन डब्यांच्या मध्ये उभं राहायचं, मागचा डबा ढकलत आणला की साखळी अडकवायची आणि बाजूला व्हायचं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. हाडापेराने मजबूत आणि अबोल माणूस. त्याचा धाकटा भाऊ अगदी उलटा. सकाळी तोंड उघडलं की झोपेपर्यंत मिटत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रेडिओ. दादा, वहिनी, त्यांची तान्ही मुलगी चिमणी, म्हातारी आई आणि हा रेडिओ, असे सगळे एका लहानशा क्वार्टरमध्ये राहायचे. कमावता एकटा दादा. रेडिओ खाणीवर कधी कामाला जायचा, कधी जायचा नाही, आणि दादा त्याला कधी बोलला नाही.

एका सकाळी खाणीचे डबे जोडताना ड्रायव्हरने इशाऱ्याची वाट न बघता गाडी मागे घेतली. दादा मधेच होता. मी खिडकीत होतो. किंकाळी वगैरे काही ऐकू आली नाही. नुसती कोणाची तरी शिट्टी, पुन्हा पुन्हा, थांबेचना. मी बाहेर धावलो तेव्हा वहिनी क्वार्टरच्या दारातून येत होत्या, हाताला पीठ लागलेलं, आणि माणसं त्यांना पुढे जाऊ देत नव्हती.

कामावर माणूस गेला की घरातल्या एकाला नोकरी द्यायची असा नियम होता. एकालाच. आणि ज्याला नोकरी त्याला क्वार्टर.

म्हातारी म्हणाली, "धाकट्याला लावा. तो सगळ्यांना पोसेल. बाईमाणसाने फलाटावर उभं राहायचं म्हणजे काय?"

वहिनींचा भाऊ आला होता. त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, आज तुझा दीर चांगला आहे. उद्या त्याचं लग्न होईल, घरात दुसरी येईल. मग तू आणि ही पोर कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

रेडिओच्या कानावर ते गेलं. तो वहिनींसमोर येऊन उभा राहिला. "वहिनी, मी लग्नच नाही केलं तर? चिमणीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, तुला काही कमी पडू देणार नाही."

वहिनींनी चिमणीला उचलून घेतलं. तेव्हा त्या जेमतेम विशीतल्या. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन त्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत आल्या आणि अर्जावर सही केली. रेडिओ बाहेर उभा होता. दादाचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. आपल्याला आत बोलावतील असं त्याला वाटत होतं. वहिनी बाहेर आल्या, त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी..."

त्याने त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. त्या दिवसापासून तो त्यांच्याशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात त्याने आईला घेतलं, दोन गाठोडी घेतली आणि बाजाराच्या मागे एक खोली धरली. वहिनी दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "आई, तुम्ही तरी राहा." म्हातारी म्हणाली, "माझ्या थोरल्याच्या जिवावर तू बैस. मला जमायचं नाही."

थोड्या दिवसांनी एका हमालाचा बिल्ला रिकामा झाला. स्टेशनमास्तरांना दया आली, त्यांनी तो रेडिओला दिला. मी त्याला विचारलं, "अरे, गावात दुसरी कामं काय कमी आहेत? इथेच कशाला?"

"दादाचं स्टेशन आहे," तो म्हणाला. "मी का सोडू?"

असे ते दोघं एकाच फलाटावर आले.

वहिनींना बायकांच्या वेटिंगरूमची देखभाल दिली होती. ती खोली फलाटाच्या मधोमध होती. दोन लांब बाकं, वेताच्या आरामखुर्च्या, पारा उडालेला मोठा आरसा, कोपऱ्यात मोरी. वहिनींनी त्या खोलीचं घर केलं असं मी म्हणणार नाही, कारण वेटिंगरूमचं घर होत नाही. पण त्यांनी ती झकास ठेवली. फरशी अशी पुसायच्या की पाय ठेवायला जीव व्हायचा नाही. दवाखान्याला निघालेल्या बायका, भांडून निघालेल्या बायका, परीक्षेला निघालेल्या मुली, अंगावर पिणारी पोरं घेतलेल्या बायका, सगळ्यांच्या गाड्या त्यांना पाठ असायच्या. कुणाला डुलकी लागली तर हलकेच खांद्याला हात लावून उठवायच्या. "ताई, सिग्नल पडला."

सगळं स्टेशन त्यांना वहिनी म्हणायचं. मास्तरांपासून झाडूवाल्यापर्यंत, दादाच्या नात्याने. ज्याच्या त्या खरोखरच्या वहिनी होत्या तेवढा एक सोडून.

आणि बोलल्याशिवाय काम तर चालत नव्हतं. बाईंची ट्रंक उचलायची असली की हमाल लागायचा, आणि कधी कधी समोर रेडिओच उभा असायचा. मग वहिनी माझ्या खिडकीपाशी यायच्या.

"साहेब, त्यांना सांगा, आतल्या बाईंची ट्रंक जड आहे, दोघं लागतील."

रेडिओ दोन हातांवर. मी मान वळवून सांगायचो, "अरे, दोघं लागतील म्हणतात."

"त्यांना सांगा, माझा मी उचलीन."

चहाच्या स्टॉलवाला तर म्हणायचा, "साहेब, तुम्हाला रेल्वेने निरोप पोचवायचा वेगळा भत्ता द्यायला हवा." आम्ही हसायचो. कधी कधी रेडिओही हसायचा. मग वहिनी दारात दिसल्या की त्याचा आवाज बंद. हमाल म्हणायचे, "बघा, रेडिओची बॅटरी गेली."

चिमणीवर मात्र त्याचा जीव होता. ती शाळा सुटली की स्टेशनातच यायची. तो तिला सामानाच्या ढकलगाडीवर बसवून फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा, वाटेत इंजिनाचे आवाज काढायचा. वेटिंगरूमच्या दारावरून गाडी गेली की तो आवाज बंद करायचा आणि पुढे गेल्यावर परत सुरू. चिमणीला तो खेळाचाच भाग वाटायचा. "आता बोगदा आला," ती ओरडायची.

एका दुपारी तिला फणफणून ताप भरला आणि वेटिंगरूमच्या बाकावर तिला झटके यायला लागले. वहिनींचा आवाज ऐकून मी धावलो, पण माझ्या आधी रेडिओ पोचला होता. एका पाशिंजराचं सामान भर फलाटावर टाकून तो आला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि रेल्वेच्या दवाखान्याकडे पळत सुटला. मागून वहिनी, त्यांच्या मागून मी.

डॉक्टरांनी विचारलं, "वडील का तुम्ही?"

"काका."

"आई कुठाय हिची?"

वहिनी त्याच्या कोपराला लागून उभ्या होत्या. धाप लागलेली, डोळ्यांतून पाणी. रेडिओ म्हणाला, "असेल बाहेर."

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी डबा आणला. हमालांच्या शेडपाशी गेल्या, रेडिओ बसला होता त्याच्या शेजारी डबा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासाठी." त्या वळून आपल्या खोलीपाशी पोचेपर्यंत तो गप्प बसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "कोणाचा डबा राहिलाय रे इथं?" डबा संध्याकाळपर्यंत तिथेच होता. ड्यूटी संपल्यावर वहिनींनी तो उचलला, नळावर धुतला आणि घरी नेला. पुन्हा कधी आणला नाही.

वर्षं अशीच गेली. वहिनींच्या भावाने जी भीती घातली होती ती काही खरी झाली नाही. रेडिओने लग्न केलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हमालाला मुलगी कोण देतंय? दिली तरी ती म्हणेल, आधी माझं सामान उचला." लोक हसायचे. वहिनी हे ऐकत असणार. खोलीचं दार उघडंच असायचं.

मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. आधी टाकी कोरडी पडली. मग ज्या गाड्या आरामात थांबायच्या त्या जेमतेम टेकायला लागल्या, आणि जेवायला वेळ नाही तर जेवणाची खोली कशाला, म्हणून ती बंद झाली. चहावाल्याने थोडे दिवस खिडकीखिडकीशी धावाधाव केली, मग तो बसस्टँडवर गेला. पार्सलं ट्रकने जायला लागली. सामान ठेवायच्या खोलीत मोडक्या खुर्च्या टाकल्या. बॅगांना चाकं आली तेव्हा हमाल म्हणाले, आता आपल्याला कोण बोलावणार? आणि एकेक जण गेला.

रेडिओ गेला नाही. पण फलाटावर पोट भरेना, तेव्हा तो अर्धा दिवस खाणीवरच्या खडी फोडायच्या मशिनीवर जायला लागला. दुपारच्या गाडीला परत हजर. केस, भुवया, शर्ट, सगळं पांढरं. नळावर तोंड धुवायचा, बिल्ला लावायचा आणि फलाटावर बसायचा. कुणी म्हातारं दिसलं की त्याची पिशवी उचलून द्यायचा.

चिमणी शिकून मोठ्या शहरात नोकरीला निघाली ती याच फलाटावरून. काकाने तिची बॅग आत नेऊन ठेवली आणि खिडकीशी उभा राहिला.

"पोचल्यावर पत्र टाक."

"कुणाला, काका?"

"आईला टाक," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला वेगळं टाक."

ती रडायला लागली. "काका, एकदा बोला ना आईशी. आता ती एकटीच आहे."

"गाडी सुटतेय. हात आत घे."

गाडी गेली. फलाटावर तो, वहिनी आणि मी. वहिनी काही वेळ रुळांकडे बघत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. चिमणीने दोघांना वेगळी पत्रं टाकली, काही वर्षं. मग तिचं लग्न झालं, मुलं झाली आणि पत्रांची जागा फोनने घेतली. रेडिओकडे फोन नव्हता.

खाण संपली आणि फाट्याचे रूळ उखडून नेले. तोवर रेडिओचा खोकला सुरू झाला होता. आधी तो थट्टेवारी न्यायचा, "स्टेशन नीट लागत नाहीये," म्हणायचा. पुढे पुढे एक वाक्य पुरं करताना तो दोनदा थांबायचा. बोलका माणूस बोलताना थांबायला लागला की बघवत नाही. वहिनी पलीकडून ऐकायच्या. एकदा त्या माझ्याकडे आल्या.

"साहेब, त्यांना सांगा, मोठ्या डॉक्टरकडे जा. मी रजा काढते, पाहिजे तर."

मी सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना सांगा, तेव्हा माझी साथ नको होती, आता कशाला?" त्याचा पुरता अर्थ मला लागला नाही. वहिनींना लागला असावा. त्या आपल्या खोलीकडे गेल्या.

शेवटी तो फलाटावरच पडला आणि आम्ही त्याला सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसात दगडाची भुकटी बसलीय, ती आता निघायची नाही.

तिसऱ्या प्रहरी वहिनी आल्या. दारात घुटमळल्या. मी त्यांना आत आणलं. रेडिओ उशीला टेकून बसला होता, आडवं झालं की त्याला श्वास मिळत नव्हता. त्याने त्यांना बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "त्यांना सांगा, आईला रात्रीचं दिसत नाही. तिला एकटीला ठेवून चालणार नाही."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा. एका बाजूला तो, एका बाजूला त्या. तिथेही त्यांना मी लागत होतो.

वहिनी म्हणाल्या, "त्यांना सांगा, आई माझ्याकडे राहतील. काळजी करू नका."

त्याने मान हलवली. बराच वेळ श्वास गोळा करत होता. "आणि विचारा त्यांना. ती नोकरी मला लागली असती, तर मी ह्यांना आणि पोरीला टाकलं असतं का?"

मी हे काही पुढे बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. वहिनी खाटेजवळ सरकल्या. मला वाटलं आता तरी त्या थेट त्याच्याशी बोलतील. पण त्यांनी माझ्याकडेच बघितलं.

"त्यांना सांगा, नसतं टाकलं. आता कळतं. तेव्हा कळलं नाही."

रेडिओने ऐकलं. माझी वाट न बघता तोंड भिंतीकडे वळवलं. वहिनी तशाच उभ्या राहिल्या, मग त्याची चादर पायाशी सरकली होती ती नीट केली. त्याने पाय आखडून घेतले.

त्या आठवड्यातच तो गेला. चिमणी आली, काकाच्या खोलीत जाऊन खूप रडली. परत निघताना आईला म्हणाली, "तू तेव्हाच त्याच्या पाया पडायला हवं होतंस." आणि मग स्वतःच घाबरून आईला मिठी मारली. पण बोलून तर गेली होती.

वहिनींनी म्हातारीला क्वार्टरवर आणलं. मला वाटलं होतं, आता दोघी एकमेकींना धरून राहतील. म्हातारीची नजर गेली होती, पण बाकी सगळं शाबूत होतं. रोज ताट पुढे आलं की ती चाचपायची आणि म्हणायची, "हे माझ्या धाकट्याचं होतं." मग जेवायची. रोज. अंघोळ घालताना म्हणायची, "दोन मुलं होती मला. एक रेल्वेने नेला, एक तू नेलास." वहिनी पाठ चोळत राहायच्या.

मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा माझ्यासमोरच हे झालं. मला राहवलं नाही. बाहेर आल्यावर म्हणालो, "वहिनी, रोजचं हे कसं ऐकता?"

"बोलतात ते बरं आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "भाऊजी बोलायचेच नाहीत."

म्हातारी चांगली जगली. मधल्या काळात गावाबाहेरून नवीन दुहेरी मार्ग झाला, रुळांचं गावाकडचं वळण काढून टाकलं आणि गावापासून दूर माळावर नवं स्टेशन बांधलं. आमच्या जुन्या स्टेशनातून शेवटची गाडी गेली तेव्हा निरोपाला फारसं कुणी नव्हतं. वहिनींनी खोली पुसली, आरामखुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या, किल्ली मास्तरांच्या हातात दिली. मास्तर नवीन होते. ते म्हणाले, "आता पुसायची काय गरज होती, बाई?"

नव्या स्टेशनात बायकांची वेगळी खोली नव्हती. काचेचा एक हॉल होता, त्याची सफाई कंत्राटावर दिलेली. वहिनींना करायला काम नव्हतं आणि निवृत्तीला अजून अवकाश होता. त्यांना स्टोअरच्या खोलीत एक खुर्ची दिली. खोलीत दिव्यांचे खोके आणि केबलची भेंडोळी. त्या सकाळी बसने यायच्या, त्या खुर्चीवर बसायच्या, संध्याकाळी बसने जायच्या. कुणी वहिनी म्हणत नसे. नव्या माणसांना दादा माहीत नव्हता. गाड्यांची माहिती भिंतीवरचा पडदा सांगायचा. एकदा मी बघितलं, हॉलमध्ये एक बाई बाकावर झोपली होती आणि तिची गाडी येत होती. वहिनी उठून तिच्याकडे गेल्या, खांद्याला हात लावला. बाई दचकली, आधी पर्स चाचपली आणि मग म्हणाली, "काय पाहिजे?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही." परत खुर्चीवर येऊन बसल्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी म्हातारी गेली. क्वार्टर सोडावं लागलं. चिमणी येऊन आईला घेऊन गेली. मी पोचवायला गेलो होतो. वहिनींच्या हातात एकच पिशवी होती. मी म्हणालो, "वहिनी, आता नातवंडांत रमा." त्या हसल्या, म्हणजे ओठ हलले. म्हणाल्या, "बघू, साहेब. तिथं मला काम काही नाही."

चिमणी अधूनमधून फोन करायची. आई जेवते, झोपते, सांगितलं तर फिरायलाही येते. मुलं आजी आजी करतात, पण ती त्यांच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. जावई जवळ बसला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. "काका, तिला काय झालंय?" चिमणीने मला विचारलं. डॉक्टरला दाखव म्हणालो. तिने दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयानुसार सगळं ठीक आहे.

मागच्या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला. वहिनी झोपेतच गेल्या होत्या. मी लगेच पिशवी भरली आणि नव्या स्टेशनात गेलो. खिडकीवरच्या मुलीने यंत्रात बघून सांगितलं की तिकडे जाणारी एकही गाडी आता इथे थांबत नाही, सगळ्या पुढे निघून जातात. मी बसने निघालो. दोनदा बस बदलावी लागली. पोचलो तेव्हा सगळं आटोपून माणसं आपापल्या घरी गेली होती. चिमणीने दार उघडलं, मला पाणी दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.